गाडी पेट्रोल घेत नाही

३, मंगळवार

खट्! चार थेंब आत जातात न जातात तोच पंपाची नोझल आपोआप बंद. पुन्हा दाबली — खट्! पंपावरची मुलगी आधी हसली, मग वैतागली. "काकू, टाकी फुल आहे तुमची." फुल कसली! काटा पावाच्याही खाली उतरलाय. तिला काटा दाखवला, तर म्हणते, "मग ते गाडीला सांगा ना, मला काय सांगता!" मागे हॉर्नचा गजर. एकाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आजी, गाडीला उपास आहे का आज?" मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. डोकं आत गेलं.

रेक्टर म्हणून एवढी वर्षं मुली सांभाळल्या, त्याचा हा एवढाच उपयोग उरलाय.

गाडीत हे शांत बसलेले. म्हणाले, "जाऊ दे गं. उद्या घेईल."

४, बुधवार

उद्याही घेतलं नाही.

मुद्दा लिहून ठेवते, म्हणजे डोकं थंड राहील. शनिवारी, एकवीसला, खग्रास सूर्यग्रहण. आपल्या गावातून सूर्य अर्धामुर्धाच झाकणार. पूर्ण झाकलेला बघायचा तर वर मोठ्या माळावर जायला हवं. तिथे एसटी नाही, वस्ती नाही, पंप नाही. पायथ्याच्या पुढे जाऊन-येऊन सगळा प्रवास टाकीत असेल तेवढ्यावर. गाडी अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची. गावात विजेवर पळते, घरीच चार्जिंगला लावते. पण ती वीज पहिल्या चढालाच संपते. आहे तेवढ्या पेट्रोलवर वर पोचू. परतीचं नाव नको. भाड्याच्या गाड्या केव्हाच बुक झाल्यात.

आणि ग्रहण पुढच्या वर्षी बघू म्हणता येत नाही. ह्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजताहेत. डॉक्टर मागेच म्हणाले — आधी मधलं जाईल, कडेचं राहील. म्हणजे चालता येईल, पण ज्याच्याकडे बघाल तेच नेमकं दिसणार नाही. "जे बघायचंय ते लवकर बघून घ्या." ह्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. केसाएवढ्या रेघा! बाहेर आल्यावर विचारलं, काय बघायचंय? रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाले, "खग्रास."

तेव्हा टाकी भरलीच पाहिजे. बस.

६, शुक्रवार

दुसरा पंप. नोझल उलटी धरली, तिरकी धरली, निम्मी बाहेर काढून धरली. खट्, खट्, खट्. पालथ्या घड्यावर पाणी!

९, सोमवार

सर्व्हिस सेंटर. काचेच्या केबिनमधल्या मुलाने कॉम्प्युटर जोडला, मान हलवली, आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली. मी म्हटलं, सूर्य तोपर्यंत थांबेल का विचारून घे. त्याला कळलं नाही.

लेकीचा फोन. "आई, टीव्हीवर लाइव्ह दाखवतात हल्ली. बाबांना मोठ्या स्क्रीनसमोर बसव. या वयात कशाला ती वणवण?" म्हटलं, तुझ्या लग्नाचीही सीडी आली असती घरी, आम्ही कशाला आलो होतो?  मग म्हणाली, "बरं, निदान पाण्याच्या बाटल्या घे."

१०, मंगळवार

दुपारभर गाडीचं माहितीपुस्तक वाचलं. असलं काही मी इतकी वर्षं बुडाखाली घेऊन फिरत होते!

साध्या गाडीत इंजिन रोज चालतं. पेट्रोलची वाफ झाली तर ते ओढून जाळून टाकतं. आमच्या गाडीचं इंजिन आठवडेच्या आठवडे झोपलेलं. मग वाफेचं करायचं काय? तर टाकी पोलादी, हवाबंद. उन्हात वाफ फुगते, टाकी ती दाबून धरते. म्हणून भरायच्या आधी बटण दाबून थांबायचं असतं — दाब सुटतो, मग झाकण उघडतं. ती बारीकशी फुस्स! मला वाटायचं झाकणच तसं वाजतं. तो तिने धरून ठेवलेला श्वास असतो! आणि ही सुटलेली वाफही वाऱ्यावर सोडत नाहीत. एका डब्यात नेतात, डब्यात कोळसा. कोळसा वाफ धरून ठेवतो, कोरडी हवा तेवढी बाहेर जाते. पुढे इंजिन चाललं की तीच वाफ कोळशातून ओढून घेऊन जाळतं. थेंब वाया नाही.

वाचून पुस्तक मिटलं. कोणी बसून विचार केला असेल हा? भेटला तर पाया पडेन.

ह्यांना वाचून दाखवलं. माझ्या कानाकडे बघत ऐकत होते. कंटाळले की असंच करतात. पण मग म्हणाले, "म्हणजे पेट्रोल आत जायला आधी हवा बाहेर जायला हवी." अगदी बरोबर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत घट्ट बुचातून नरसाळं घातलं की बाटली भरायची नाही. तेच हे! हवेची वाट कुठेतरी बंद आहे.

१२, गुरुवार

ह्यांना घेऊन भोंग्याकडे गेले. भोंगा म्हणजे आमच्या वसतिगृहाची बस बघायचा तो मेकॅनिक. मुलींनीच नाव ठेवलेलं, तो गॅरेजात कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. अजून मला बघून हातातली विडी लपवतो.

"बाई, नोझलचा प्रॉब्लेम आहे."

"दोन पंपांच्या नोझल एकदम बिघडल्या?"

"मग झाकणाचा."

"झाकण उघडतंय. टाकीतली हवा बाहेर पडत नाहीये. घट्ट बुचातलं नरसाळं आठवतंय का?"

"बाई, ते शाळेतलं विज्ञान गाडीला नका सांगू. ही गाडी कॉम्प्युटरवर चालते."

"कॉम्प्युटरला हवा लागत नसेल. टाकीला लागते."

डोकं खाजवत गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग खालून गर्जना — "बाई! डबा पेट्रोलने भिजलाय!"

कोळशाचा डबा. त्याने फक्त वाफ घ्यायची. त्यात पातळ पेट्रोल गेलं की कोळशाचा चिखल होतो, हवा अडते. बाहेर येऊन भोंग्याने हात पुसत विचारलं, "टाकी भरताना तुम्ही काय करता नक्की?"

हे अगदी सरळपणे म्हणाले, "हलवतो."

"काय हलवता?"

"गाडी. नोझल बंद झाली की गाडी हलवायची. आतली हवा वर येते, आणखी थोडं मावतं. जीपचा ड्रायव्हर शिकवून गेला आम्हाला, मोजणीच्या दौऱ्यांवर. मी डावा कोपरा धरतो, ही उजवा."

"रेक्टरबाई पंपावर गाडी हलवतात?"

"जोरात," हे म्हणाले.

भोंगा इतका हसला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. मी म्हटलं, जीपला ते चालत होतं. जीपला डबा नव्हता! हसणं थांबेना. शेवटी मलाही आलं. पण तोंड फिरवून.

१३, शुक्रवार

जुना डबा मी कापून बघायला लावला. भोंगा म्हणे, "भंगार बघून काय मिळणार बाई?" काळे दाणे, मिऱ्यांएवढे. नारळाच्या करवंट्या भाजून असला कोळसा करतात. त्याला इतकी बारीक भोकं असतात की चमचाभर दाण्यांतले सगळे आतले पृष्ठभाग उलगडून पसरले तर खेळाचं मैदान झाकलं जाईल! भोंग्याला सांगितलं. त्याने एक दाणा चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, एक डोळा मिटला. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "यात मैदान?"

हेही पुढे आले. दाणा हातात घेऊन नुसता बोटांत फिरवत राहिले.

१६, सोमवार

अपघातात चेपलेल्या, आमच्यासारख्याच एका गाडीचा डबा भंगारवाल्याकडे मिळाला. कोरडा, हलका, वासही नाही. बसवला. पंपावर गेलो. गाडीला कोणी हात लावायचा नाही, मी बजावलं.

खट्!

१७, मंगळवार

माझं आज सगळ्यांशी भांडण झालं. भोंग्याशी, लेकीशी, दूधवाल्याशी. ह्यांच्याशी नाही. हे म्हणाले, "नाही जमलं तर नाही. मी काही रडत बसणार नाही." ते तसंच म्हणणार. म्हणूनच तर जायचंय!

१८, बुधवार

सकाळी भोंग्याच्या दारात हजर. म्हटलं, हवा टाकीतून डब्यात. डब्यातून पुढे कुठे? म्हणाला, "एका नळीने बाहेर." नळी काढ. काढली. कॅनमधून नरसाळ्याने पेट्रोल ओतलं — गटागट! जोडली — थांबलं, नरसाळ्यात वर आलं. काढली — गटागट! आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. वाट शेवटच्या हातभर नळीत अडली होती. टाकी नाही, डबा नाही, कॉम्प्युटर तर नाहीच.

नळीचं तोंड मागच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या आत. भोंग्याने तार घातली आणि हळूच ओढली. तारेला पांढरा कापूस चिकटून आला. कापूस कसला! कोळ्याचं घर. पदर पदर विणलेलं, गच्च, मऊ, गुंडाळी केलेल्या रेशमासारखं. आणि मध्ये पिवळसर, अर्ध्या नखाएवढी कोळीण, अंड्यांच्या पुंजक्याला मिठी मारून बसलेली. हलली नाही. वारा लागला तेव्हा फक्त एक पाय उचलला आणि परत पुंजक्यावर ठेवला.

भोंगा म्हणाला, पेट्रोलच्या वासावर येतात म्हणे हे, त्याने ऐकलं होतं, खरं वाटलं नव्हतं. आणि लायटर काढला.

"खबरदार!"

जुन्या सवयीने दचकून लायटर पाडला त्याने.

पोलादी टाकी, दाब मोजणारी यंत्रं, काचेच्या केबिनमधला कॉम्प्युटर — आणि हिने पोटातून धागा काढून सगळं बंद पाडलं. एकटीने! तिला काय ठाऊक आत काय आहे. तिला कोरडी, अंधारी, पिल्लांसाठी सुरक्षित जागा हवी होती. मी इतका वेळ बघत बसले की भोंग्याने स्टूल आणून दिलं. मग काडीने सगळं घरटं अल्लद उचललं आणि कुंपणाच्या झुडपात ठेवलं.

"बाई, तुम्ही वसतिगृहात आम्हाला एवढ्या मायेने कधी वागवलं नाहीत."

"तू अंडी घातली नव्हतीस."

१९, गुरुवार

पंप. तीच मुलगी. बटण, फुस्स, झाकण. नोझल लावली. पेट्रोल जात राहिलं, जात राहिलं, आणि काटा वर पोचल्यावर एकदाच — खट्. मुलगी म्हणाली, "अजून थोडं टाकू?"

दोघं एका सुरात ओरडलो, "नको!"

२१, शनिवार

माळावरून लिहितेय. वही मांडीवर. अक्षर बघवत नाही.

नुसतं गवत आणि दगड, आणि दूरदूर उभ्या चारपाच गाड्या. आधी सूर्याचा एक घास गेला, काळ्या चष्म्यातून बघत होतो. मग उजेड विरळ झाला. संध्याकाळसारखा पिवळा नाही, कल्हई केल्यासारखा. सावल्यांना धार आली. गार वारा सुटला. पक्षी गप्प. मग पश्चिमेकडून सावली आली. आली म्हणजे खरोखर चालून आली, माळावरून, आवाज न करता, आपल्यावरून जाणार हे दिसत असताना! चष्मा काढला. सूर्याच्या जागी काळं भोक, आणि त्याच्याभोवती पांढरे केस मोकळे सुटलेले. शेजारी एक ग्रह लखलखीत.

मी ओरडले. मी! काय ओरडले ते आठवत नाही. पलीकडच्या गाडीतला माणूस गुडघ्यांवर बसला होता. हे माझा दंड घट्ट धरून "आहाहा, आहाहा" करत होते.

मग कडेला एक ठिणगी, आणि दिवस परत.

ह्यांनी पाहिलं. वेळेत पाहिलं. आता काही झालं तरी चालेल.

२२, रविवार

परतीच्या वाटेवर मी बडबडत होते — ते भोक, ते पांढरे केस, तो ग्रह. हे नुसतं हूं हूं करत होते. मग म्हणाले, "आणखी सांग. मला ते दिसलं नाही."

गाडी कडेला घेतली.

मधलं सगळं मागच्या वर्षीच गेलंय. डॉक्टरांना ह्यांनीच गप्प बसवलं होतं. "तुला कळलं असतं तर तू माझ्या उशाशी बसून राहिली असतीस. इतक्या लांब स्वतःसाठी कधी आली असतीस का?"

इंजिन बंद केलं. विचारलं, मग तुम्ही आहाहा कशाला करत होता?

म्हणाले, "अगं, चारी दिशांना एकदम संध्याकाळ झाली होती! क्षितिजाला सगळीकडून केशरी कड. पूर्ण वर्तुळ, कुठेही न तुटलेलं. तू नाही पाहिलीस?"

मी वर बघत होते. मी नाही पाहिली.