उकड्या भाताची वाफ

अल हैल,
६ ऑक्टोबर २०१४

ती. आईस,
जितेशचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या आपल्या गजेंद्रच्या हातून हे पाठवतोय. मी बरा आहे, पण हे स्वयंपाक्याचं काम सोडावं म्हणतो.

आमच्या सकलैनशेठची आई, सगळे तिला खुदेजानानी म्हणतात, जूनमध्ये रत्नागिरीहून इथं आखातात आली. तिकडं तिला बघणारं कोणी उरलं नाही. आल्यापासून जेवण नावाला. म्हणते, दिवसभर एसी, खिडक्या बंद, कुठला महिना चाललाय ते नाकाला कळत नाही. मग शेठच्या बायकोनं, मेहनाजभाभीनं, मला मोबाइलवर दाखवलं. परदेशात लोक संत्र्याची साल नि दालचिनी पाण्यात मंद उकळत ठेवतात, घराला पानगळीचा वास येतो. मी तसंच केलं. वर डोकं चालवून देवाचा कापूर आणि गुलाबपाणी टाकलं.

नानी भिंत धरून बाहेर आली आणि घरात कोण गेलं म्हणून विचारू लागली. भाभीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांच्यात मयताच्या शेवटच्या आंघोळीला कापूर लागतो. तेव्हापासून नानी माझ्या हातचं खात नाही. नुसत्या खजुरावर आहे, वाळत चाललीय. शेठ कधी काढून टाकतील, त्याचीच जास्त भीती. इथंच पलीकडं निझवा म्हणून शहर आहे, तिथं एका गॅरेजात जागा आहे. जाऊ का?

तुझाच,
जितेश

लांजा,
१९ ऑक्टोबर २०१४

चि. जितेश यास अनेक आशीर्वाद.

आई सांगते तसं मी, तुझी धाकटी बहीण आकांक्षा, लिहितेय. दिवाळी तोंडावर आलीय, भात कापून झालं.

आई म्हणते, तुझं बूड कधी एका जागी टेकलंय? गवंड्याकडून पळालास, बेकरीतून पळालास. या वेळी म्हातारीला उपाशी टाकून पळू नकोस. कापूर अजाणता पडला. पण काय हवंय ते तू मोबाइलला विचारलंस, तिला नाही. आधी माफी माग. मग तिच्या घरी आश्विनात कसला वास यायचा ते विचार.

माझं एवढंच, की माफी मागताना दात काढू नकोस. आईची माया आहेच, माझीही थोडी धर.

आकांक्षा

अल हैल,
२३ नोव्हेंबर २०१४

ती. आईस सा. न. आणि चि. आकांक्षास आशीर्वाद.

माफी मागितली तेव्हा नानी भिंतीकडं तोंड करून पडली होती. वासाचं विचारलं तशी वळली. म्हणाली, कापणी झाली की अंगणात हंड्यात भात उकडायचं, ती वाफ. म्हणून तर आकांक्षाला फोन करून सालीसकट भात मागवलं. गजेंद्रनं सुट्टीवरून परतताना पिशवी नीट पोचवली.

भिजवून मोठ्या टोपात मंद आचेवर ठेवलं. हळूहळू ओल्या पेंढ्याचा, जरा आंबूस वास घरभर झाला. शेठच्या पोरांनी नाकं धरली, इंग्रजीत काहीतरी कुरकुरली. भाभी खिडकी उघडायला गेली तर शेठ म्हणाले, राहू दे. दारात डोळे मिटून उभे होते.

एवढ्यात नानी आली. माझ्या हातातली पळी घेतली. आच कमी कर, म्हणाली, साल जराशी तडकली की उतरवायचं. गच्चीवर चादर पसरून भात वाळवलं, तर साळुंक्या हाकलायला स्वतः खुर्ची टाकून बसली. मग खलबत्त्यात कांडून मी पेज केली.

वाटीभर प्याली, आणखी मागितली. आणि मीठ कमी म्हणून सगळ्यांसमोर मला झापलं. आई, शिव्या खाऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. निझव्याला नाही म्हणून कळवलंय.

दोघींनी तब्येतीला जपावं, या भटक्यावर जीव ठेवावा.

तुमचा,
जितेश