आता काहीच अडत नाही

प्रिय ताई,

तुला एक नमस्कार आणि आईला दोन, कारण तिची काळजी दुप्पट.

मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. आईचे गुडघे कसे आहेत? कॉलेज अर्धवट सोडलं तरी प्रयोगशाळेत मला कामाचा माणूस समजतात, हे तिला सांग.

पुढचं तिला वाचून दाखवू नकोस. जनुकं तपासायचा संगणकावरचा वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या पायऱ्या, दुसऱ्या शहरातल्या गटाने आम्हाला दिला होता. त्यांच्याकडे तो सुरळीत चालायचा, आमच्याकडे अडायचा. त्यांच्यातली एक मुलगी रोज फोनवर विचारायची, "आज कुठे अडलं, धडपड्या?" ताई, मी त्या अडण्याचीच वाट बघायचो.

काल साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "याला जमायचं नाही." माझं डोकं फिरलं. एका बैठकीत सगळं दुरुस्त केलं आणि दोन्ही गटांना पाठवलं.

तिचं उत्तर आलं, "शाबास. आता तुला माझी गरज नाही."

पुन्हा बिघडवून ठेवावं असंही मनात आलं. पण त्यावर आजपासून आजारी मुलांचे नमुने तपासले जातात, हात कसा लावू?

फोन करायला दुसरं काय कारण काढू, तूच सांग.

तुझाच,
तापट धाकटा