व्हिडिओ सुनावणीतली शांतता संमती धरू नये

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
धरणग्रस्त पुनर्वसन शाखा, पुणे.

अर्जदार : झुल्फिकार इब्राहिम आतार, धंदा लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, रा. भोर.

विषय : वेल्हे येथील व्हिडिओ कॉन्फरन्सची सुनावणी पुन्हा घेण्याबाबत.

संदर्भ : आपला शेरा, ‘ग्रामस्थांनी म्हणणे मांडले नाही. हरकत नाही असे समजण्यात येते.’

महोदय,

१) उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, गुंजवण्याच्या धरणग्रस्त ग्रामस्थांची हरकत होती. नव्हती ती अक्कल, आणि तीसुद्धा फक्त अर्जदाराला.

२) अशी सुनावणी वेल्ह्यात पहिल्यांदाच होत असल्याने कॅमेऱ्यातला जाणकार म्हणून मला बोलावण्यात आले. दोन तालुक्यांतली लग्ने शूट केलेली, त्यामुळे मीही हुरळलो. तयारी जय्यत केली. दोन हॅलोजन लावले. भिंत कळकट दिसते म्हणून लग्नातला धबधब्याचा पडदा टांगला. ज्यांचे गाऱ्हाणे ‘बदली जमिनीला पाणी नाही’ असे, त्यांच्या पाठीमागे आपण धबधबा सोडला, हे मला घरी जेवताना सुचले.

३) लग्नात कॅमेरा वळला की वऱ्हाडी हातवारे करतात, हे माझे जुने दुखणे. म्हणून सर्वांना बजावले की, मी हात वर करेपर्यंत कुणी हलायचे नाही आणि बोलायचे नाही. माणसे शब्दाला जागणारी. आपण टीव्हीच्या पडद्यावरून ‘आवाज येतोय का’ असे पुन्हा पुन्हा विचारलेत, तेव्हा कुणाची पापणीही लवली नाही. मी कोपऱ्यात माइकची वायर सोडवत होतो. चित्र अडकले असे समजून आपण लाइन बंद केलीत. यात आपला काही दोष नाही. मलाही ते सगळे फोटोच वाटले असते.

४) मी हात वर केला आणि पडदा निळा झाला. ग्रामस्थांतल्या बनाबाई बोलायला उभ्या राहिल्या होत्या. साहेब कुठं गेले, असे त्यांनी मला विचारले. लाजेपायी माझ्या तोंडून गेले की, साहेब दिसत नसले तरी ऐकतायत. मग त्या निळ्या पडद्याशी बराच वेळ बोलल्या. त्यातले एवढे मला जसेच्या तसे आठवते :

“साहेब, आमी भाताची मान्सं. आमचं रान धरनात गेलं, त्याचं काय म्हननं न्हाई. पर तुमी दिल्याल्या माळावर प्यायलाबी पानी न्हाई. भात कशात लावू, ते एकदा येऊन दावा.”

५) आता पंचाईत अशी की, साहेब लई भला मानूस, एकदाबी मधी बोलला न्हाई, असे बनाबाई गावभर सांगत आहेत. पाण्याची जमीन मिळणार या भरवशावर त्यांनी भाताचे बियाणे राखून ठेवले आहे. खरे सांगायला मी दोनदा निघालो आणि वाटेतल्या मार्गासनीवरूनच माघारी फिरलो. मला ते जमत नाही, साहेब.

६) सबब विनंती की, वरील शेरा रद्द करून सुनावणी समक्ष, त्या माळावर घ्यावी. कॅमेरा नको. मी लांब उभा राहीन. बनाबाई आपल्याला म्हणतील, ‘त्या दिवशी सांगितलं त्येच हे.’ तेव्हा आपण कृपा करून फक्त मान हलवावी.

आपल्या माघारी आपल्या नावाने खोटे बोललेला,
नम्र अर्जदार,
(सही)
झुल्फिकार इब्राहिम आतार

भोर, दि. ९ मे २००८