केटुनेन यांचा पांढरा

सोमवार, ६ ऑक्टोबर

छपाईआधी मंजुरीला पाठवलेलं प्रूफ परत आलं! केटुनेन यांच्या धुरी दिलेल्या माशांची पिशवी. पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर पांढऱ्या शाईचा पट्टा, पट्ट्यावर निळ्या अक्षरांत त्यांचं नाव. एवढंच तर काम! पण प्रूफवर म्हाताऱ्याचा शेरा — "पांढरा नीट नाही." नीट नाही म्हणजे काय, बाबा? निळसर? पिवळट? मळकट? सांगायचं मात्र काही नाही!

मंगळवार, ७

पांढरी शाई पुन्हा तळाला बसलेली. बाटली हलवा, माझ्या छोट्या प्रूफ-प्रिंटरचं नोझल धुवा, चाचणीची पट्टी छापा, पुन्हा धुवा. अर्धा दिवस त्यातच.

दुपारी रंगाची रेसिपी नव्यानं बांधली. पांढऱ्यात किंचित पिवळा, नखभर काळा, एकच थर. खरी छपाई करणाऱ्या ओर्विलच्या मोठ्या मशीनवर जो पांढरा उतरतो, हुबेहूब तोच. रंग मोजायचं मीटरही तेच म्हणतं. आतला मासा थोडा दिसतो — छपाईतही दिसणारच आहे!

गुरुवार, ९

परत.

विक्रीवाला रँडल येऊन टेबलावर बसला. "अगं डेल्फीन, तीन थर मार की! दुधासारखा दिसू दे. म्हातारा सही करेल, आपण सुटू."

ओर्विलनं ते ऐकलं आणि तोफ सुटली. "ही इथे दूध दाखवणार, माझ्या मशीनमधून ताक निघणार. मग शिव्या कोण खाणार — तू?"

दोघं माझ्या डोक्यावर उभे राहून भांडले. मी खाली वाकून नोझल पुसत होते. खोटं प्रूफ देणार नाही, एवढं मात्र मी सांगून टाकलं. रँडल तोंड वाकडं करून गेला.

शुक्रवार, १०

सगळ्यांबरोबर तळलेला मासा खायला गेले. मासा बघवेना. बटाटे खाऊन परत आले.

सोमवार, १३

ओर्विल विरघळला! मोठ्या मशीनवर रंगाचं एक युनिट रिकामं आहे, तिथे पांढऱ्याचा दुसरा थर देतो म्हणाला. म्हणजे आता दोन थरांचं प्रूफ खोटं नाही. रेसिपी पुन्हा पहिल्यापासून. पण काय उतरलाय! आमच्याकडे इतका भरीव पांढरा कधी छापलाच नाही. रँडल लगेच गाडीत घालून घेऊन गेला.

मंगळवार, १४

तोही परत!! "नाव दिसत नाही" म्हणे! आंधळा आहे का हा माणूस?

रँडल म्हणतो, गिऱ्हाईक चाललं हातचं, आता तूच जा. जातेच. समोर ठेवते आणि विचारते.

बुधवार, १५

आमच्या नीना गावाहून केटुनेन यांच्या बेफील्डला, पहाटेच निघाले. वाटभर भांडण पाठ करत होते.

केटुनेन उंच, ताठ, अंगाला मेपलच्या धुराचा वास. त्यांची मुलगी आयला पलीकडे मासे चिरत होती. मी खिडकीपाशी नमुने मांडले — एका थराची पिशवी, दोन थरांची पिशवी. शेजारी प्लॅस्टिकचा एक तुकडा, नुसता पांढरा, तुलनेसाठी. त्यावर अक्षरही नाही.

त्यांनी एकेक उचललं, उजेडात धरलं, अंगठा फिरवला. मग तो कोरा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "हा! आता कसं नाव ठसठशीत दिसतंय. एवढंच तर सांगत होतो, बाई."

माझ्या तोंडातलं भांडण तोंडातच राहिलं.

आयलाची सुरी थांबली. "बाबा, त्यावर नाव नाहीये."

"धुरानं डोळे चुरचुरतात."

"बाबा. कधीपासून?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बघत होते की नुसतं तोंड तिकडे होतं, कोण जाणे! मग पुटपुटले, "झालं असेल वर्ष. तुला सांगितलं असतं, तर तू मला घरी बसवलं असतंस."

मी नमुने गोळा करायला लागले. आठवडाभर मनातल्या मनात काय काय बोलले होते मी या माणसाला! आयला मागोमाग गाडीपर्यंत आली. दोन थरांच्या पिशवीवर तिनंच सही केली.

शनिवार, १८

आयलाचा फोन. मला वाटलं, पांढऱ्याचंच काहीतरी. डॉक्टरांनी तपासलं — समोरचं जवळजवळ काहीच दिसत नाही त्यांना. आणि वर्षभर ते रोज पहाटे एकटेच बोट घेऊन मासे धरायला सुपीरियर सरोवरात जात होते. आज त्यांनी बोटीची किल्ली आपणहून तिच्या हातात ठेवली.