पाचवी 'ब'चं गाजर

१ जुलै, सोमवार
मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, पाचवी 'ब'ला 'सकस आहार' कोण शिकवणार? सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. खाण्याचा माझ्याइतका अनुभव कोणाला आहे?

संध्याकाळी डॉक्टर. शुगर वाढलीय. महिनाभर कडक पथ्य, नाहीतर इन्शुलिनची सुई म्हणाले. बाबांचा पाय याच आजारात कापला, हे त्यांना सांगितलं नाही. बायकोला रिपोर्ट दाखवला नाही. उगाच काळजी करते. मुलांना शिकवता शिकवता माझंही पथ्य होऊन जाईल. एका दगडात दोन पक्षी.

३ जुलै, बुधवार
पहिला तास. मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, सर, मग तुमचं पोट एवढं का? म्हटलं, हे जुनं आहे.

डबे तपासले. सदतीस मुलं, भाजी शून्य. नियम केला : वेफर्स, केक, बिस्किटं जप्त. गाजर दाखवेल त्याला वहीत तारा. जप्तीचा माल माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या खिशात.

४ जुलै, गुरुवार
ड्रॉवरला मुंग्या. अन्न टाकणं पाप. शिवाय शत्रू माहीत हवा. क्रीमची दोन बिस्किटं, नमुना म्हणून. दोनाने अंदाज येईना, पुडा संपवला.
पथ्य सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच काही सुरू करू नये.

८ जुलै, सोमवार
पथ्य सुरू. सकाळी काकडी.
वर्गात नऊ गाजरं! त्या आनंदात केक.

१२ जुलै, शुक्रवार
सदतीसपैकी सदतीस! एकेका बाकापाशी जाऊन स्वतः बघितलं. सगळी एकाच मापाची, टोकाशी जरा वाकडी. पालक एकाच भाजीवालीकडे जात असणार. मोठ्या बाई म्हणाल्या, सर, जादू केलीत. पुढच्या वर्षी सगळ्या शाळेला मीच शिकवणार बहुतेक.

१८ जुलै, गुरुवार
पँटचं बटण उडालं. धोबी कपडे आटवतो, असं बायकोला म्हटलं. म्हणाली, धोबी वर्षापूर्वीच बंद केला, कपडे मी धुते.

२२ जुलै, सोमवार
सगळी गाजरं सुकलेली. हवाच तशी आहे.

२६ जुलै, शुक्रवार
तपासणीला साहेब आले. मीच आग्रहाने वर्गात नेलं. ते म्हणाले, सगळ्यांनी एकदम गाजर वर करा.

एकच हात वर. एकच गाजर. अठरा दिवसांचं.

चष्मेवालीने समजावून सांगितलं, सर एकेक बाक बघत येतात, तोवर ते खालून पुढे जातं. साहेबांनी विचारलं, मग वेफर्स कुठे जातात? अख्खा वर्ग एका सुरात, सरांच्या पोटात! माझ्या तासाला वर्ग इतका एकजीव कधीच झाला नव्हता.

तास काढून घेतला. गाजर मी जप्त केलं.

३१ जुलै, बुधवार
शुगर दुप्पट. उद्यापासून सुई. बायको सोबत होती, रिपोर्ट तिच्याच हातात दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. वाटेत एवढंच म्हणाली, अहो, बाबांचा पाय विसरलात का?

नाही विसरलो. रोज आठवतो. आठवला की भीती वाटते, आणि भीती वाटली की भूक लागते. हे तिला सांगता आलं नाही.

घरी आल्यावर पिशवीतून गाजर काढलं. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. वाजली नाहीच. म्हटलं, निदान मोडून खाऊ, पथ्याची सुरुवात तरी होईल.

दोन्ही हातांनी जोर लावला. नुसतं वाकतं. मोडत नाही.