कागद साफ आला तरी

प्रिय आक्का,

पुण्याच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून लिहितेय. आत माझ्या लेकीच्या, मंजूच्या डोक्याला वायरी लावल्यात. हो, तुझ्यासारखेच झटके! गेल्या महिन्यात लोणावळ्याला शाळेतच पडली. मला आत घेत नाहीत आणि एका जागी बसवत नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या कुणाला सांगू गं हे?

तुला कार्ल्याहून याच तपासणीला आणलं होतं, आठवतं? मोठ्या डॉक्टरकडं जायचं म्हणून आईनं खोबरेल तेल थापून चापूनचोपून वेण्या घातलेल्या. वायरी कुठल्या चिकटायला! नर्सबाईंनी नळाखाली तुझे केस साबणानं धुतले, तशी आई ओरडली, "आवो, सर्दी व्हईल पोरीला!" तू हसत होतीस. म्हणालीस, "शके, डोक्यातलं समदं कागदावर उतरतंय म्हनं. चोरून खाल्लेला गूळ बी दिसंल का गं?"

कागद साफ आला. यंत्राच्या लेखण्या शांत चालल्या, कुठं उसळी म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, आलेख चांगला आहे, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. त्यातलं पहिलं अर्धंच तू ऐकलंस! "माज्या मेंदूत काय बी न्हाई. मशीन खोटं बोलंल व्हय?" गावभर सांगत सुटलीस आणि गोळ्या बंद केल्यास. लग्न ठरत आलं होतं म्हणून? इतकी कसली घाई होती?

भाताची लावणी चालू असताना झटका आला आणि खाचरात पालथी पडलीस. घोट्याएवढं पाणी होतं. घोट्याएवढं!

अजून राग येतो मला तुझा.

मघाशी मी डॉक्टरांना विचारलं, आलेख साफ आला तर आजार नाही असं समजायचं का? ते म्हणाले, "नाही बाई. झटका आलेला नसताना मेंदूच्या लहरी नीटच दिसू शकतात. यंत्र तेवढ्या वेळाचंच सांगतं." एवढं साधं होतं, आक्का! आपल्या घरात कुणाला विचारायचं सुचलंच नाही.

मंजूही तुझ्यासारखीच हट्टी. गाडीत बसल्या बसल्या विचारत होती, "कागद चांगला आला तर गोळ्या बंद ना?" आता बाहेर येईल आणि पुन्हा तेच विचारेल.

ऐक. कागद कसाही येवो, डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत तिची गोळी रोज मी माझ्या हातानं देईन. भांडेल, रुसेल, आई वैरीण आहे म्हणेल. म्हणू दे. तू एकोणीस वर्षांचीच राहिलीस. हिला मी म्हातारी होऊ देणार आहे.

तुझ्यावर रागावलेली,
तुझीच शकू