मर्लआत्याचं नाक

वरूला, ३ मार्च १९९४

चि. ब्रॉनी हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा गुडघा बरा असेल. इकडे पावसाच्या पाण्याची टाकी ख्रिसमसपासून कोरडी आहे, म्हणून बोअरचं पाणी पिते, आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. शेजारी केल ट्रेझीजचा पेट्रोल पंप आहेच. केल म्हणतो, मर्ल, तुझं नाक म्हातारं झालं. कौन्सिलचा माणूस सरबताच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन गेला. ती दोन दिवस त्याच्या गाडीत उन्हात पडलेली मी या डोळ्यांनी पाहिली. निकाल आला, पाणी स्वच्छ.

ग्रॅहॅमने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि शेजारी वृद्धाश्रमाचा अर्ज. आईला भास होतात असं त्याच्या मनात बसलंय. मुलगा वाईट नाही, पण ईस्टरनंतर मला तिकडे नेणार म्हणतो. मला माझं घर सोडायचं नाही, ब्रॉनी. तू प्रयोगशाळेत दिवसभर वासच मोजतेस ना? मग माझं पाणी मोज. वेड लागलं असेल तर तेही तूच सांग.

आहे ती माया राहू दे.
तुझी आत्या

ॲडलेड, ८ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

वेडाचं म्हणशील तर ते मी लहान होते तेव्हापासून आहे, त्यात नवीन काही नाही. पण अर्ध्या बाटलीत, उन्हात, पेट्रोल पाण्यात थांबेल कशाला? ते वरच्या मोकळ्या हवेत चढतं आणि झाकण उघडताच उडून जातं. मग यंत्राला काय दिसणार, डोंबल?

सहा लहान बाटल्या पाठवते. नळ दहा मिनिटं वाहू दे, मग धार बारीक कर. पाणी काठावर किंचित फुगलेलं दिसेपर्यंत भर, सांडू नकोस. झाकण लावून उलटी कर आणि टिचकी मार. बुडबुडा हलला तर ती बाटली बाद. बाकीच्या बर्फात घालून त्याच दिवशीच्या बसने पाठव. सातवी मी इथेच शुद्ध पाण्याने भरून बंद केली आहे. ती उघडू नकोस, नुसती सोबत येऊ दे. वाटेत कुठे पेट्रोल शिरलं तर ती चहाडी करेल.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा.
ब्रॉनी

वरूला, १४ मार्च

चि. ब्रॉनी, आशीर्वाद.

बाटल्या मिळाल्या. तुमच्याकडे भांडी धड धूत नाहीत वाटतं. सगळ्यांच्या तळाशी काहीतरी ओलं राहिलं होतं. मी साबणाच्या कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्या. पुढच्या बुधवारी भरते.

आत्या

ॲडलेड, १६ मार्च

ती. आत्यास सा. न.

भरू नकोस. ते ओलं म्हणजे आम्लाचे थेंब होते. पाण्यातल्या जंतूंनी वाटेत पेट्रोल खाऊ नये म्हणून मीच घातले होते. सगळं नव्याने पाठवते. या खेपेला फडकं कपाटात कुलूप लावून ठेव.

ब्रॉनी

वरूला, २३ मार्च

चि. ब्रॉनी, आशीर्वाद.

आज भरल्या. ग्रॅहॅम गाडीत पेट्रोल भरून थेट मदतीला आला. त्याला म्हटलं, हात लावशील तर याद राख, कुंपणाशी उभा राहा. तो बिचारा तासभर उन्हात उभा होता. दोन बाटल्यांत बुडबुडा निघाला, चार ठीक आहेत. केल म्हणतो, बसच्या धुराचाच वास त्यात शिरेल.

जे निघेल ते स्पष्ट लिही. मला सांभाळून घेऊ नकोस.

आत्या

ॲडलेड, २९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गॅस क्रोमॅटोग्राफचा कागद सोबत आहे. यंत्र पाण्यातला वास उपसून त्यातला एकेक पदार्थ वेगळा करतं आणि प्रत्येकाचं टोक काढतं. पहिलं टोक बेंझीनचं, म्हणजे पेट्रोलमधल्या विषाचं. मर्यादेच्या चाळीसपट, आणि चारही बाटल्यांत तेवढंच. सातव्या बाटलीची रेघ सपाट आहे, म्हणजे बसचा धूर निर्दोष. ते पाणी पिऊ नकोस, आंघोळही नको. कौन्सिलला प्रत पाठवली आहे.

आमच्या साहेबांनी विचारलं, नमुने कोणी घेतले? म्हटलं, माझ्या आत्याने. ते म्हणाले, आमच्या पोरांना शिकवायला येतील का?

मला फार अभिमान वाटतो तुझा.
ब्रॉनी

वरूला, ९ एप्रिल

चि. ब्रॉनी, अनेक उत्तम आशीर्वाद.

केलच्या पंपाची जमिनीतली टाकी काल वर काढली. बुडाला हात जाईल एवढं भोक. केल चूक कबूल करायला स्वतः आला आणि चहा पिऊन गेला. चहा टँकरच्या पाण्याचा होता.

आज ग्रॅहॅम छपरावर चढून पन्हळी दुरुस्त करत होता. मी खाली शिडी धरून उभी. तो वरूनच पुटपुटला, आई, चुकलो, तू इथेच राहा. म्हटलं, ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला. म्हटलं, वारा आहे रे, मोठ्याने बोल. तिसऱ्या वेळी तो इतक्या जोरात ओरडला की केलच्या पंपावरची माणसं वळून बघायला लागली.

पहिल्यांदाच ऐकू आलं होतं गं मला.

तुझी आत्या